इसरूची सुट्टी

ब्रह्मपुरी, ७ नोव्हेंबर १९५६

नव्या राज्यरचनेत गेल्या गुरुवारपासून आपण मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आलो. फरक एवढाच दिसतो की पोस्टमास्तर पूर्वीपेक्षा घाईत असतात. दिवाळी संपली. उरलेला फराळ वच्छलाच्या पोरांना दिला.

सकाळी ओसरीवर दोन माणसे येऊन बसली होती. वच्छला भांडी घासता घासता म्हणाली, "बाई, जंगलातली माणसं आली. लाकडं विकाले नाई आली. तुमालेच भेटाचं म्हंतेत."

एक म्हातारी, हात कोपरापर्यंत गोंदलेले, नाव बुधरी. बरोबर तिचा मुलगा पत्रू. तो जंगलखात्याच्या नाक्यावर शिपाई आहे. गाव कोसमटोला, नदीपलीकडे, गडचिरोलीच्या अंगाला. पत्रू मराठी बोलतो. म्हातारी गोंडीत बोलते आणि राग आला की मराठीत.

काय काम आहे, विचारले. पत्रू म्हणाला, "मी इसरूचा लहान भाऊ हाओ, बाई."

मग ओळख पटली. माझे चिरंजीव कॉलेजच्या सुट्ट्यांत बंदूक घेऊन त्या जंगलात भटकत असत, तेव्हा इसरू त्यांना वाट दाखवी. पुढे चिरंजीव लष्करात अधिकारी झाले आणि खटपट करून त्याला आपल्याच पलटणीत भरती करून घेतले. १९४३ साली इटलीत एक नदी ओलांडताना दोघेही गेले. देह मिळाले नाहीत. दोन्ही घरांना एकाच मजकुराच्या तारा आल्या, फक्त नाव वेगळे. हे मला आजच कळले, कारण पत्रूने त्यांची तार जपून ठेवली आहे. माझी कुठे आहे ते एकदा पाहायला हवे.

चहा दिला. पत्रूने घेतला. म्हातारीने घेतला नाही.

काम असे. त्यांच्यात माणूस गेला की त्याचा जीव नदीवरून घरी आणावा लागतो. आई पाण्यात उभी राहून हाक मारते. नव्या मडक्यात मासा, खेकडा जे काही येईल तोच तो माणूस. त्याला घरी नेऊन पूर्वजांत बसवायचे, मग गावाच्या कडेला त्याचा दगड उभा करायचा. तोवर माणूस बाहेरच राहतो. इसरूला पुष्कळदा बोलावले, आला नाही. शेवटी गावचा भुमक वारलू, म्हणजे त्यांचा पुजारी, याने कौल लावला. त्यात असे निघाले की इसरू पलटणीत आहे, आणि पलटणीतला माणूस साहेबाने सुट्टी दिल्याशिवाय घरी येत नाही. साहेब म्हणजे चिरंजीव.

"वारलूनं इचारलं, साहेब कोनाचं ऐकते?" पत्रू म्हणाला. "माय म्हणे, त्याच्या मायचं ऐकन. म्हून आलो."

मी सांगितले की चिरंजीवांनी माझे कधीही ऐकलेले नाही. ऐकले असते तर आज ते नागपुरात वकिली करत असते.

पत्रूने हे आईला गोंडीत सांगितले. तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि मराठीत म्हणाली, "तुह्या पोरानं नेलं माह्या पोराले. आता त्यालेच म्हण, वापस आणून दे."

मी नाही म्हटले. सभ्यपणे, पण स्पष्ट.

८ नोव्हेंबर

पत्रू नोकरीवर गेला. म्हातारी गेली नाही. ओसरीच्या कोपऱ्यात बसून आहे. भांडत नाही, रडत नाही, काही मागतही नाही. दुपारी वच्छलाने तांदूळ निवडायला घेतले तर सूप तिच्या हातातून घेऊन स्वतः निवडून दिले. फार स्वच्छ निवडले. हे उपोषणाला बसणाऱ्यांपेक्षा अवघड प्रकरण आहे.

वच्छला तिच्या बाजूची झाली आहे. "जाऊन या न, बाई. घडीभर पाण्यात उभं राहाले तुमचं काय जाते?"

"वच्छला, मी बी. ए. आहे."

"मंग पाय जास्त भिजते का?"

तिला अंगण पुन्हा झाडायला लावले.

९ नोव्हेंबर

आज म्हातारीशी थोडे बोलणे झाले. अर्धे शब्द, अर्ध्या खुणा. इसरूचा दगड डोंगरावरून आणून ठेवलेला आहे. आडवा पडला आहे. शेळ्या त्यावर बसतात. उभा करता येत नाही, कारण माणूस आलेला नाही. "म्या मेली का कोन बलावन? भाऊ बलावलं तं येत नाई. मायच लागते." तिला दम लागतो. बोलताना मध्येच थांबते आणि श्वासाची वाट पाहते.

मागणी तशी न्यायाची आहे. ज्याने नेले त्याच्या घरच्यांनी सांगावे, यात तर्काची चूक नाही. चूक मुळातच आहे. मेलेला माणूस सुट्टी देत नाही आणि घेत नाही. हे मी तिला सांगितले. तिने मान डोलावली आणि तांदूळ निवडत राहिली.

११ नोव्हेंबर

पत्रू आईला न्यायला आला. मी ठरवले की एकदाच पद्धतशीर समजावून द्यावे. नकाशांचे पुस्तक खाली काढले. तुमची कठाणी नदी वैनगंगेत जाते, वैनगंगा पुढे गोदावरीला मिळते, गोदावरी पूर्वेच्या समुद्रात. ते दोघे गेले ती नदी इटलीच्या दुसऱ्याच समुद्रात जाते. मध्ये एवढा अरबस्तान.

पत्रूने बोटाने सगळी वाट पाहिली. म्हणाला, "पन पाणी कुठी तरी जोडलं असन ना, बाई?"

भूगोल शिकवताना मी आजवर खोटे बोललेले नाही. इथे सुएझचा कालवा आहे, असे सांगितले. त्यातून जोडलेले आहे.

पत्रूने हे आईला सांगितले. तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणून मी घाईने पुढचे सांगितले, की तिथे आता लढाई लागली आहे, कालव्यात जहाजे बुडवून ठेवली आहेत आणि जाणे-येणे पूर्ण बंद आहे. रोजच्या पेपरात येते.

दोघांचे गोंडीत बराच वेळ बोलणे झाले. बुधरीने विचारले, "कवा उघडते?"

"सांगता येत नाही. पुष्कळ महिने लागतील."

तिने गाठोडे बांधले. "उघडला का सांग." आणि निघाली. अंगणातून पत्रू मागे वळला. "बाई, आमी बलावलं तवा तं कालवा उघडा होता न?"

"तेव्हा सुट्टी मिळालेली नव्हती," मी म्हणाले.

हे मी का म्हणाले, कळत नाही. ते गेल्यावर आणखी एक लक्षात आले की बुडालेल्या जहाजाच्या बाजूने लहान मासा सहज निघून जाईल. परत बोलावून सांगितले नाही. प्रकरण मिटले.

२८ नोव्हेंबर

तारेत हीच तारीख होती. विशेष काही नाही. दिवसभर कपाट आवरले. तार सापडली नाही.

९ जानेवारी १९५७

पेपरात आहे की कालव्यातली जहाजे वर काढण्याचे काम सुरू झाले. मोठे यंत्र आणले आहे. वच्छला रोज सकाळी केरसुणी हातात घेऊन विचारते, "उघडला का, बाई?" तिला इजिप्त कुठे आहे ते माहीत नाही. रविवारच्या बाजारात पत्रूची गाठ पडली की तिला त्याला निरोप द्यावा लागतो, एवढेच. मी रोज सांगते, "अजून नाही." त्यात खोटे काही नाही.

२ मार्च

निवडणुकीची धामधूम. दोन पक्षांची माणसे मत मागायला आली. दोघांनीही चिरंजीवांचा उल्लेख "देशासाठी गेले" असा केला. मी विचारले, कोणत्या देशासाठी? तेव्हा राज्य इंग्रजांचे होते आणि लढाई इटलीत. दोघेही चहा न घेता गेले.

चिरंजीव का गेले, हे त्यांनी मला सांगितले होते. वर्दी चांगली दिसते, असे म्हणाले होते. तेवीस वर्षांच्या मुलाचे ते कारण होते आणि ते खरे होते. वर्दी चांगली दिसत होती.

१३ एप्रिल

कालवा उघडला.

मोठी जहाजेही जाऊ लागली, असे पेपरात आहे. पेपर नेहमीसारखा एक दिवस उशिरा आला. नेहमीप्रमाणे वच्छलाने विचारले. मी म्हणाले, "अजून नाही."

कोसमटोल्यात पेपर जात नाही. रेडिओ नाही. मी सांगितले नाही तर त्यांना हे कधीच कळणार नाही. आणि एका निरर्थक समजुतीपायी वैशाखाच्या तोंडावर एवढा प्रवास माझ्या वयात करणे कोणत्याही दृष्टीने योग्य नाही. हे सगळे खरे आहे.

१४ एप्रिल

सकाळी वच्छलाला बोलावून सांगितले की कालवा उघडला आहे. काल मी चुकीचे सांगितले.

"मले ठाऊक होतं," ती म्हणाली. "रोजचा पेपर तुमी रद्दीत टाकता. कालचा उशीखाली ठेवला."

तिला तोंड आवरायला सांगितले. पिशवी भरली. घरात मोठा पितळी तांब्या एकच आहे, तो घेतला.

कोसमटोला, १६ एप्रिल

ब्रह्मपुरीहून नदीपर्यंत मोटार. कंडक्टर याच महिन्यात आलेल्या नव्या पैशांवरून प्रत्येकाशी भांडत होता. मी त्याला गणित समजावून दिले, त्यानंतर तो माझ्याशी भांडला. वैनगंगेत पाणी कमी. वाळूत टरबुजांच्या वाड्या. मधला प्रवाह डोंग्याने ओलांडला. आरमोरीहून दुसरी मोटार, मग बैलगाडी. पत्रू वाटेवर उभा होता. मी निरोप धाडलेला नव्हता. वच्छलाने धाडला होता.

सगळ्या गावाला मोहफुलांचा वास आहे. अंगणाअंगणात फुले वाळत घातली आहेत. बुधरी दारात बसली होती. मला पाहून उठली नाही. उठायला आता तिला दोघे लागतात. नोव्हेंबरपेक्षा अर्धी झाली आहे. मी म्हणाले, "उघडला." ती म्हणाली, "उशीर केला त्याहीनं."

दगड पाहिला. माझ्या उंचीचा असेल. त्यावर खरोखरच एक शेळी बसली होती.

भुमक वारलू संध्याकाळी आला. हाडकुळा माणूस, डोळे मिस्कील. "बाई, तुमचा कालवा उघडला म्हंतेत."

"हो."

"कोनाचा हाय तो कालवा?"

"त्यावरूनच भांडण चालले आहे."

"आमच्या बंधाऱ्यावरूनबी दोन गावं भांडतेत," वारलू म्हणाला. "मासोळ्याइले कोनी इचारत नाई."

जेवायला भात आणि अंबाडीची भाजी. माझ्यासाठी वेगळ्या चुलीवर, नव्या भांड्यात. मी सांगितलेले नव्हते. बहुधा वच्छलाने त्याचाही निरोप धाडला असावा.

१७ एप्रिल

जे झाले ते जसे झाले तसे लिहिते.

सकाळी सगळे कठाणीच्या डोहावर गेलो. पत्रूने आईला पाठीवर घेतले होते. वारलूने पाण्यावर तांदूळ आणि मोहाची दारू शिंपडली, आपल्या पेनाला, म्हणजे देवाला, काही सांगितले आणि मला बुधरीच्या शेजारी गुडघाभर पाण्यात उभे केले. पातळ वर खोचावे लागले. पुष्कळ लोक पाहत होते.

बुधरीने नवे मडके पाण्यात आडवे धरले आणि हाक मारली. मला वाटले होते मंत्र असेल. रानातली गुरे परत बोलवतात तशी साधी हाक होती. तिने तीच हाक पुन्हा पुन्हा मारली. मध्ये श्वासासाठी थांबली, परत मारली. मडक्यात काही आले नाही.

"आता तुमी, बाई," वारलू म्हणाला.

मी वाटेत वाक्य तयार करून ठेवले होते. मोठ्याने म्हणाले, "लेफ्टनंट नरहर हरकरे, आपल्या हाताखालील शिपाई इसरू याची आई येथे आलेली आहे. तरी त्यास घरी जाण्याची परवानगी द्यावी, ही विनंती."

पाणी हलले नाही. काठावर कोणी तरी खोकले.

वारलूने डोके खाजवले. "अर्ज नाई चालत, बाई. साहेबापाशी अर्ज लई पडून रायतेत. तुमी माय हाव का नाई त्याची? हुकूम द्या."

ऊन चढले होते. शेजारी बुधरीचे पाय थरथरत होते, ते पाण्यातून दिसत होते. पत्रू तिला धरायला पुढे आला, तिने त्याला कोपराने ढकलले. मडके सोडेना. एवढी म्हातारी बाई, तिला श्वास पुरत नाही आणि समोरचा दाद देत नाही. मला त्याचा संताप आला. शाळेत दुसऱ्या टोकाच्या वर्गापर्यंत जाई त्या आवाजात मी म्हणाले, "नरू! सोड त्याला! त्याची आई उन्हात उभी आहे, दिसत नाही का तुला?"

काठावरच्या सगळ्या मुलांनी हाताची घडी घातली. आवाज अजून चांगला आहे.

बुधरीने मडके उचलले. आत बोटाएवढा मासा होता.

मग मोठा गलका झाला. बायका ओरडल्या, कोणी ढोल वाजवला. बुधरीने मडक्याच्या तोंडाला तोंड लावले आणि आत बोलू लागली. सूर रागाचा होता. मी पत्रूला विचारले काय म्हणते. "झापून राह्यली, बाई. घरी याले एवढा टाइम लागते का म्हंते."

वारलू मडक्यात डोकावला. परत डोकावला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "दोन हायेत."

मीही पाहिले. दोन होते. सारख्याच आकाराचे, एकाच जातीचे. उन्हाळ्यात पाणी आटले की मासे डोहात गोळा होतात, तेव्हा एकाच्या ठिकाणी दोन येणे साहजिक आहे. मी तसे सांगितले. आणि हेही सांगितले की मी फक्त इसरूच्या सुट्टीबद्दल बोलले. दुसऱ्या कोणाला मी बोलावले नव्हते.

"नाई बलावलं तू," बुधरी म्हणाली. "पन याले सोडलं मंग तो एकटा तिथी काय करन?"

मी सुटत आलेले पातळ पुन्हा खोचले.

तिने ओंजळ घातली आणि एक मासा वेगळ्या मडक्यात घेतला. क्षणभरही अडखळली नाही. मी म्हणाले, दोन्ही सारखे आहेत, कशावरून हाच? तिने दुसऱ्याकडे बोट केले. "तो तुह्या तोंडाकडं पाहून राह्यला."

मासा कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही. त्याचे डोळे बाजूला असतात.

"सोडून द्याचा असन तं सोडा, बाई," वारलू म्हणाला. "तुमच्यात नसन चालत. आमचं काम झालं."

सगळे थांबले. मी मडके वाकवायला घेतले होते. पण डोहाच्या त्या काठाला बगळे बसले होते, पुष्कळ होते, आणि मासा अगदीच लहान. पत्रूला तांब्या आणायला सांगितले.

दुपारी दगड उभा केला. दहाबारा माणसांनी दोर लावून ओढला. खड्ड्यात बसवून माती दाबली. त्यावर नाव नाही, तारीख नाही. त्यांच्यात घालत नाहीत. बुधरीला टेकवून बसवले. ती दगडाला पाठ लावून गाढ झोपली. ती गेली की काय असे वाटून मी नाडी पाहिली. चांगली चालली होती. घोरतही होती.

ब्रह्मपुरी, १८ एप्रिल

परतीच्या मोटारीत तांब्या मांडीवर धरला. कंडक्टरने विचारले, "बाई, गंगाजळ का?" मी "हो" म्हणाले. डोंग्यात तांब्यातले पाणी बदलून घेतले. मासा ठीक होता.

वच्छलाने तांब्यात पाहिले आणि मागे सरकली. "बाई! मासोळी? बामनाच्या घरी? तांब्या बाटला न."

"तांब्या घासता येतो."

ती पुन्हा वाकली. या वेळी बराच वेळ पाहिले. हळूच म्हणाली, "हा कोन?"

"मासा आहे."

"हो. पन कोन?"

मी तिला इसरूचे सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि डोळे पुसले. मग म्हणाली, "बरं झालं. पन मी हे इचारलं नोतं."

मासा विहिरीत सोडला. विहिरीत मासा असला की डासांच्या अळ्या खातो. मलेरियावाल्यांनी मागे शाळेत येऊन हे सांगितले होते. तेव्हाच करायला हवे होते.

१९ एप्रिल

सकाळी विहिरीत पाहिले. उत्तरेकडच्या कपारीपाशी आहे. मूठभर पोहे टाकले. खाल्ले.

२३ एप्रिल

वच्छला बादली धाडकन सोडते. तिला सांगितले की बादली हळू सोडावी, दोर खराब होतो. ती म्हणाली, "दोराले काय होते, बाई. त्याले लागन म्हणा सिध्धं." मी म्हणाले, दोर.

अळ्या कमी झाल्या आहेत असे वाटते. निश्चित सांगायला आणखी निरीक्षण लागेल.

६ मे

पत्रू आला होता. बुधरी गेली. गेल्या मंगळवारी, दगडापाशी. तिलाही दोन दिवसांतच कठाणीवरून आणले. आई नसली की वडील बहीण चालते, म्हणून तिला बोलवायला मोठी बहीण आली होती; बुधरी एका हाकेत आली. पत्रूने हे हसत सांगितले आणि मग रडला. त्याला पन्हे दिले. जाताना विहिरीत वाकून पाहिले आणि सलाम केला, कडक, पलटणीतला. कोणी शिकवला विचारले. "भाऊ सुट्टीवर आला होता तवा," म्हणाला.

तो गेल्यावर बराच वेळ विहिरीच्या काठावर बसले. बुधरीचे कळवावे असे वाटले. कळवले.

२० मे

उन्हाळा कडक आहे. पाणी खूप खाली गेले. शेजारच्या विहिरींत गाळच उरला. आमच्या विहिरीत कंबरभर आहे. वच्छलाला सांगितले की अंघोळीचे पाणी तळ्यावरून आणावे, अंगण शिंपडू नये, भांडी राखेने घासून थोडक्या पाण्यात धुवावी. तिने एकदाही कुरकुर केली नाही. ही गोष्ट या घरात प्रथमच घडली.

आज त्याला मोठ्याने विचारले, इसरूला एवढी वर्षे का अडवून धरलेस? विहिरीत आवाज घुमतो. माझाच आवाज परत आला, त्यामुळे प्रश्न मलाच विचारल्यासारखा झाला. पुन्हा विचारणार नाही.

११ जून

मृग लागला. दोन सरी पडल्या. पटकीचे दिवस आले, म्हणून तालुक्याच्या जनपद सभेचा आरोग्य शिपाई मुखरू ब्लीचिंग पावडरचा डबा घेऊन विहिरी शुद्ध करत फिरतो आहे. सकाळी आमच्याकडे आला. डबा काठावर ठेवला, झाकण काढले. मोजमापाचे भांडे भरले.

मी म्हणाले, "मुखरू, या वर्षी आमच्या विहिरीत टाकू नकोस."

तो थांबला. "काऊन, बाई? दरसाली तं तुमीच बलावता. मागल्या साली मले दोन दिवस उशीर झाला तं तुमी साहेबापाशी तक्रार केली. मले बोलणी खा लागली."

"हो. केली होती."

"मंग?"

अळ्यांचे उत्तर माझ्याजवळ तयार होते. मलेरियाखात्याचे नाव घेऊन ते सांगता आले असते, आणि मुखरूने ऐकलेही असते. मी तोंड उघडले आणि म्हणाले, "नरू घरी आहे."

वच्छला दारात उभी होती. तिच्या हातात तवा होता, तो तसाच राहिला.

मुखरू नरूच्या वयाचा. शाळेत एकाच वर्गात होते; पतंगावरून एकदा दोघांनी डोकी फोडून घेतली होती, टाके मी स्वतः उभी राहून घालून घेतले. त्याने माझ्याकडे पाहिले. विहिरीत वाकून पाहिले. मग भांड्यातली पावडर परत डब्यात ओतली, झाकण नीट घट्ट लावले आणि काठावर सांडली होती ती पालथ्या हाताने झाडून बाहेरच्या बाजूला टाकली.

"तं मंग पाणी उकळून प्या, बाई," तो म्हणाला. "गावात पटकी हाय."

हे मी या गावाला तीस वर्षे शिकवले, असे त्याला सांगितले. तो हो म्हणाला आणि पुढच्या विहिरीकडे गेला.

आजपासून पिण्याचे सर्व पाणी उकळणे. वच्छलाला मोठे पातेले काढायला लावले. सरपण दुप्पट लागेल. लागू दे.